मेंढराच्या गळ्यातलं घुंगरू

१६ जून, सातारा

डॉक्टर म्हणाले, राग माणसांवर काढण्यापेक्षा कागदावर काढा, म्हणजे गोळीचा डोस वाढवावा लागणार नाही. म्हणून ही साखर कारखान्याची फुकटची डायरी. पहिली बारा पानं उसाच्या जाती आणि लागणीच्या तारखा. सहा महिने कपाटात पडून होती.

आज राग नाही, उलट खुशीत आहे. कुपवाडचा कारखाना ताब्यात घेऊन तीन आठवडे झाले. भाऊसोंचा हा कारखाना म्हणजे एकोणतीस माणसं, त्यातल्या एकवीस बायका, आणि खेळणं एकच: चाकांवरचं लाकडी मेंढरू, अंगावर खरी लोकर, गळ्यात हरभऱ्याएवढं पितळी घुंगरू. भाऊसो जतकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. आमची भिंगरी कंपनी अकराशे माणसांची. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी उभी केली. पाच जिल्ह्यांत आमच्या प्लास्टिकच्या गाड्या जातात, आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारतं काय, तर ते मेंढरू. घेऊन टाकला मग कारखानाच. बंगळूरची बडी कंपनी आम्हाला विकत घ्यायचं बघते आहे, त्यांनाही हाताने बनवलेलं, देशी असं काहीतरी हवंच होतं. नवी यंत्रं घ्यायची आपल्यात ताकद नाही. हा सौदा झाला नाही तर दोन वर्षांत अर्ध्या लोकांना घरी बसवावं लागेल, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

आज कुपवाडला गेले तर अंगणभर ताडपत्री, तिच्यावर शेकडो मेंढरं उताणी पडलेली. म्हटलं, हे काय, पापड घातलेत का? कळलं की बायका घुंगराची लोकरीची दोरी पाण्यात भिजवून बांधतात आणि मग माल दोन दिवस उन्हात ठेवतात. साताऱ्याहून नेमलेला आपला रविराज सुपरवायझर आहे, त्याला विचारलं का, तर म्हणाला, पहिल्यापासून असंच आहे. पहिल्यापासून असंच, हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ओला माल खोक्यात गेला तर खोकी दमट होणार, म्हणून दोरी कोरडीच बांधायची आणि माल त्याच संध्याकाळी पॅक करायचा, असं सांगून टाकलं. दिवसाला दोनशेचे सातशे होतील.

अंबूबाई म्हणून गाठी बांधणाऱ्यांत सगळ्यांत जुनी बाई आहे, साठीच्या पुढची. ती मध्येच काहीतरी बोलायला लागली, अर्धं मराठी, अर्धं कानडी. मला साडेचारला साताऱ्यात पोचायचं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, ज्याला जे म्हणायचंय ते लिहून सूचना पेटीत टाका, पेटीची किल्ली माझ्याकडे राहील, तुमचं नाव कुणाला कळणार नाही. टाळ्या वाजवल्या बायकांनी.

३ जुलै

सूचना पेटी उघडली. रिकामी. सतरा दिवसांत एक चिठ्ठी नाही. इतका मोठा बदल केला आणि कुणाची तक्रार नाही, याचा अर्थ बदल बरोबर होता.

बंगळूरवाल्यांचा विश्वजित आज कुपवाड बघून गेला. पोरगा मूळचा मिरजेचा, पण बोलणं असं गुळगुळीत की हाताला काही लागत नाही. सातशेचा आकडा ऐकून खूश झाला. यालाच लीडरशिप म्हणतात मॅडम, म्हणाला. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

निघताना अंबूबाई गेटपाशी उभी, हातात एक मेंढरू. बिचारी पाहुण्यासाठी घेऊन आली होती. मी ते तिच्या हातातून घेतलं आणि विश्वजितला दिलं, तुमच्या मुलीला न्या म्हटलं. अंबूबाई तोंडाकडे बघत राहिली, हात तसाच पुढे. या लोकांना आपल्या कामाचं कौतुक झालं की बोलता येत नाही.

७ जुलै

सही अठ्ठावीसला. कागद वकिलांकडे गेले. एकशे बेचाळीस पानं.

११ जुलै

विट्याहून फोन. दीड वर्षाच्या मुलीने मेंढराचं घुंगरू गिळलं. डॉक्टर म्हणाले पोटात गेलंय, बाहेर पडेल, आणि दुसऱ्या दिवशी पडलंही. पोरगी खेळतेय. बाप फोनवर ओरडत नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं. एवढंच म्हणाला, बघा जरा तुमच्याकडं.

आमची अंकिता क्वालिटी बघते, सव्वीस वर्षांची आहे आणि तिला सगळ्या गोष्टींत आग दिसते. म्हणाली, ताईसाहेब, माल थांबवू या, दुकानातलाही परत बोलावू या. मी म्हटलं, नऊ हजारांत एक. आणि खोक्यावर तीन वर्षांपुढील मुलांसाठी असं छापलंय ना? ती म्हणाली, वाचतं कोण? बाहेर जा म्हटलं तिला.

खरं सांगायचं तर मला भाऊसोंचा संशय येतोय. कारखाना विकल्यापासून माणूस तोंड पाडून फिरतोय. बायका त्यांच्या शब्दातल्या. मुद्दाम गाठी ढिल्या बांधायला सांगितल्या तर?

१२ जुलै

भाऊसोंना फोन केला आणि नको नको ते बोलले. ते पूर्ण ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ताईसाहेब, कारखाना इकला मी, पोरांच्या जिवावर उठाय न्हाई बसलो. अंबूला इचारा की एकदा. ती कवाधरनं तुमच्या मागं लागलीया." पगारवाढीसाठी असेल, मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. वयाने मोठा माणूस, पण उद्धटपणा बघा.

१५ जुलै, कुपवाड

अंकिताने न विचारता दुकानांतून पन्नास मेंढरं आणली आणि लहान पोर ओढेल तेवढ्याच जोराने एकेकाचं घुंगरू ओढून बघितलं. अकरा निघाली. गाडी काढली आणि तडक कुपवाड.

सगळ्या बायका उभ्या केल्या. कोण ढिली गाठ मारतंय, आज कळलंच पाहिजे म्हटलं. मग अंबूबाई पुढे आली, तिने टेबलावरची पाण्याची वाटी ओढली, दोरी बुडवली, पिळली, गाठ मारली.

"वली लोकर वाळताना आवळती, बाई. दोन दीस उन्हात गाठ मिटती, मग बैल लावला तरी निघायची न्हाई. कोरडी गाठ नुसती बसती. धरत न्हाई."

मी विचारलं, हे मला आधी का सांगितलं नाही? पेटी होती ना? लिहून का टाकलं नाही? ती खाली बघायला लागली. मागून कुणीतरी पोरगी म्हणाली, आवं, त्यास्नी लिव्हाय येत न्हाई. आणि आमी लिवलं असतं, पर रविराजसायेब म्हनलं की पेटीत तक्रार टाकली तर सातारला नाव जातंय.

मग मला गेटपाशी उभी असलेली अंबूबाई आठवली. ती पाहुण्याला भेट द्यायला आली नव्हती. सुटत आलेली दोरी दाखवायला आली होती. मी ते मेंढरू हसत हसत दुसऱ्याच्या पोरीसाठी देऊन टाकलं. माझी मलाच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून रविराजला तिथल्या तिथे घरी पाठवला. खरं तर त्याच्या आधी मला कुणीतरी घरी पाठवायला हवं होतं.

पॅकिंग बंद केलं. पण बाहेर आठ-साडेआठ हजार आहेत.

१६ जुलै

विश्वजितला स्वतःहून सांगितलं. लपवलं नाही, हे इथे लिहून ठेवते. तो शांतपणे म्हणाला, मॅडम, आत्ता माल परत बोलावला तर पेपरात येईल, आमचं बोर्ड सौदा थांबवेल, आणि परत बोलवायला लागणारी माणसं, गाड्या, दुकानदारांची समजूत, हे सगळं तुम्हाला एकटीला जमणार आहे का? सही होऊ दे. एकोणतीसपासून आमची अख्खी यंत्रणा तुमच्या पाठीशी. आठवड्यात सगळा माल परत येईल, नीट, व्यवस्थित, पाचही जिल्ह्यांतून.

मुद्दा चुकीचा नाही. बारा दिवस. विट्यानंतर एकही फोन नाही. आपण अर्धवट करून घोळ घालण्यापेक्षा बारा दिवसांनी पूर्ण करणं केव्हाही चांगलं. अंकिताला हे सांगितलं. ती म्हणाली, आपलं सरकारी प्रमाणपत्र ओल्या गाठीच्या नमुन्यावर मिळालंय, कोरड्याच्या नाही, म्हणजे आज बाजारात आहे त्या मालाला प्रमाणपत्रच नाही. मी म्हटलं, अकराशे घरं आहेत माझ्या डोक्यावर. ती म्हणाली, हो ताईसाहेब. त्या 'हो'वर मला तिच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

१९ जुलै

काही झालं नाही. फोन वाजला की आधी नंबर कुठला ते बघते. गोळी दोनदा घेतली.

२२ जुलै

शिराळ्याचे आकाराम आपले जुने विक्रेते. नागपंचमीच्या गर्दीसाठी त्यांनी जूनमध्येच चारशे मेंढरं उचलली होती. एकोणतीसला नागपंचमी. त्या दिवशी शिराळ्यात पाय ठेवायला जागा नसते आणि अर्धी गर्दी कडेवरच्या पोरांची असते. आकारामना फोन केला, म्हटलं मेंढरं विकू नका, आठवडाभर ठेवून द्या. का म्हणाले. आता कारण काय सांगणार? पटकन तोंडात आलं ते बोलले, नवीन मॉडेल येतंय. बरं म्हणाले. इतकं सोप्पं झालं याचं मला नवल वाटलं.

२५ जुलै

अंकिता शिराळ्याला जाऊन आली. आकारामनी नवीन मॉडेल येणार म्हणून जुनं खपवायला काढलंय. निम्म्या किमतीत. टोपल्या घेऊन फिरणाऱ्या सहा जणांना वाटून दिलंय. नेहमी सुखवस्तू घरातलीच पोरं हे मेंढरू घेतात, आता शेतावरच्या वस्तीवरची, पालावरची, सगळीच घेणार. मी केलं हे. एका वाक्यात.

परत फोन केला, ते दुकानात नव्हते. पुन्हा केला नाही. तीनच दिवस राहिलेत.

२८ जुलै

सही झाली. हॉटेलात हार, पेढे, फोटो. आबांच्या फोटोलाही हार घातला होता, कुणी घातला कोण जाणे. मी एकशे बेचाळीस पानांवर कोपऱ्यात सह्या केल्या आणि शेवटचं पान पुरं होताच विश्वजितला म्हटलं, चला, उद्यापासून मेंढरं परत. आज संध्याकाळीच शिराळ्याला माणसं पाठवू.

तो चमचा खाली ठेवून म्हणाला, नक्की मॅडम, पण आता हा विषय बोर्डाचा. सप्टेंबरच्या बैठकीत घेऊ. तोपर्यंत कलम एकतीस. उत्पादनाबद्दल कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय जाहीर बोलायचं नाही. तुम्ही वाचलं असेलच.

वाचलं नव्हतं. वकिलांनी वाचलं होतं, मला ठीक म्हणाले होते. मी म्हटलं, तुमच्या मुलीला दिलेलं मेंढरू आठवतं का? तो हसला. "त्याचं घुंगरू दुसऱ्याच दिवशी पडलं, मॅडम. सोफा उलटापालटा करून शोधलं आम्ही. मिळालं म्हणून बरं." म्हणजे याला जुलैच्या चार तारखेपासून माहीत होतं. मी सोळाला सांगायच्या आधी. आणि मी याच्या यंत्रणेची वाट बघत बसले. स्वतःच्या घरातला सोफा उलटा केला, बाकीच्यांच्या पोरांना सप्टेंबरपर्यंत थांबायला सांगतो.

हॉल सोडून पार्किंगमध्ये आले आणि भाऊसोंना फोन लावला. आधी माफी मागितली. मग मदत मागितली. ते म्हणाले, उद्या सक्काळी टेम्पो घिऊन शिराळ्यात हाय मी, अंबू आन् चार बाया आणतो.

३० जुलै, सांगली, हॉस्पिटल

कालचं आज लिहिते आहे.

घुंगरं कापून काढायला मी कारखान्यातून वीस कात्र्या घेऊन गेले होते. शिराळ्यात पोचल्यावर वाटायला लागले तर एकही बाई हात लावेना. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, घरात भाजीसुद्धा चिरत नाहीत, हे साताऱ्यात जन्मलेल्या मला माहीत नाही असं नाही, पण घाईत विसरले. मी चिडले. म्हटलं, पोरांच्या जिवापुढं कसला सण? अंबूबाईने माझ्या हातातून मेंढरू घेतलं, घुंगराला चिमटीत धरलं आणि ओढलं. आलं.

"कात्री कशाला लागती, ताईसाहेब," ती म्हणाली. "वढलं की येतंय."

दिवसभर कात्री लागली नाही. एकाही मेंढराला लागली नाही.

आकारामच्या दुकानातून एकशे साठ मिळाली, टोपलीवाल्यांकडून शंभरेक. बाकीची गर्दीत. भाऊसो एका बाजूने, बायका दुसऱ्या बाजूने, कडेवरच्या पोरांच्या हातातून मेंढरं मागत फिरल्या. पोरं भोकाड पसरत होती, आया शिव्या देत होत्या, एकाने भाऊसोंची कॉलर धरली. असं संध्याकाळपर्यंत पुरं होणारच नव्हतं. चौकात हरवलेल्या माणसांची नावं पुकारायचा मंडप होता. मी तिथल्या पुकारणाऱ्या पोराच्या हातून माइक घेतला.

काय बोलले ते सोबत आलेल्या अंकिताने मोबाइलवर घेतलंय, आत्तापर्यंत हजारोंनी बघितलंय म्हणे. मी नाव सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं, मेंढराचं घुंगरू निघतं आणि लहान पोर गिळतं, इथे आणून द्या, पैसे परत घ्या, ज्याच्या मेंढराला घुंगरू नाही त्यांनी आधी पोराकडे बघा. कलम एकतीस वगैरे काही आठवलं नाही. चार वेळा तेच बोलले. लोक यायला लागले. विश्वजितचे सतरा फोन येऊन गेले.

तीनच्या सुमाराला राणी आली. पंचविशीची असेल, शेजारच्या गावची. कडेवर चौदा महिन्यांचा शिवतेज, हातात मेंढरू, गळा मोकळा. ती म्हणाली, घुंगरू कवा पडलं म्हाईत न्हाई, सकाळपासनं ह्येला खोकला हाय, वाटलं धुरळ्यानं असंल. अंबूबाईने पोराच्या छातीला कान लावला आणि माझ्याकडे बघितलं. आम्ही पळालो. शिराळ्याच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला तर पांढरा ठिपका स्वच्छ दिसला, श्वासनळीच्या उजव्या फाट्यात. सांगलीला न्या, आत्ता, म्हणाले. माझ्या गाडीत मागे राणी, मांडीवर पोर, श्वासाबरोबर छातीतून येणारा बारीक शिट्टीसारखा आवाज. सबंध रस्ता मी तो आवाज चालू आहे ना एवढंच ऐकत होते. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, घुंगराला भोकं होती म्हणून हवा जात राहिली, भरीव मणी असता तर इथवर आलाच नसता.

दुर्बीण घालून काढलं. पोर वाचलं. उजवं फुप्फुस दबलंय, न्युमोनियाची भीती आहे, अजून चार-पाच दिवस इथेच. अंगात ताप आहे. पण वाचलं.

सकाळपासून राणी माझे उपकार मानते आहे. तिचा नवरा सैन्यात, सीमेवर, त्याला फोन लावून दिला तर त्यालाही तेच सांगत होती: कंपनीच्या ताईसाहेब स्वतः आल्या, स्वतःच्या गाडीतनं आणलं, देवासारख्या आल्या. तो फोनवरून मला म्हणाला, ताई, तुमचे लय उपकार. इथे गारठा आहे म्हणून मी माझी शाल शिवतेजवर घातली होती, तर तेवढ्यासाठीही तिचे दोनदा हात जोडून झाले.

बंगळूरच्या वकिलाचा मेसेज आला. माझ्यावर कारवाई होणार, पदावरून आजच दूर, सौद्याचे निम्मे पैसे रोखणार. शिवाय सूचना: कुटुंबाशी बोलू नये, विचारल्यास चौकशी सुरू आहे एवढंच म्हणावं. मी तो वाचत होते तेव्हा राणी पोराच्या कपाळावर पट्टी बदलत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं,

"ताईसाहेब, तुमाला ह्ये काल कळलं व्हय? का आदी म्हाईत हुतं?"

चौकशी सुरू आहे, हे तीन शब्द तोंडाशी होते. पंधरा तारखेला कळलं असं म्हणता आलं असतं, चाचणी त्या दिवशी झाली, कागदावर तेच आहे. मी म्हटलं, माहीत होतं. अकरा तारखेपासून.

तिने बोटांवर मोजलं. एका हाताची झाली, दुसऱ्या हाताची झाली, पुन्हा पहिल्या हाताला आली आणि तिथेही थांबली नाही. मग ती उठली, शिवतेजच्या अंगावरची शाल हळू काढली, त्याला जाग येणार नाही अशी. घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली आणि आपली ओढणी त्याच्यावर घातली. मी ती शाल घेऊन बाहेरच्या बाकावर येऊन बसले आहे.